मीटर ट्रकला लागला, वेटिंग कोण देणार?

माझा भाचा नववीत आहे. अमेरिकेत मोठाले ट्रक चालवणाऱ्या पंजाबी पोरांचे व्हिडिओ बघायचं त्याला वेड आहे. परवा जेवताना त्याने मोबाइल माझ्या ताटाशेजारी टेकवला. एक सरदारजी हायवेच्या थांब्यावर गाडी लावून सांगत होते, की माल उतरवायचं गोदाम इथून पंचवीस मिनिटांवर आहे, पण आज जाता येणार नाही, घंटे खतम. स्टिअरिंगशेजारच्या छोट्या पडद्यावर लाल आकड्यांत शून्य दिसत होतं.

"मामा, पंचवीस मिनिटं तर आहेत! कोण बघतंय?"

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सात वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्या, फाडल्या आहेत. आमच्या डायव्हरांचे घंटे कधी संपत नसत. डिझेल संपायचं, भत्ता संपायचा, टायर संपायचा, आणि वाईट आहे पण खरं आहे, एखादेवेळी घाटात माणूसच संपायचा. घंटे मात्र नाही. त्यामुळे भाच्याचा प्रश्न मलाही पडलेलाच होता. त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय, कारण आपल्याकडेही चालकांचे तास ठरवायची भाषा अधूनमधून ऐकू येते.

## एक नाही, तीन घड्याळं

अमेरिकेत राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या मोठ्या गाड्यांवर केंद्राच्या एका खात्याची देखरेख असते. त्याचं नाव फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन. एवढं लांब नाव पुन्हा लिहीत नाही, पुढे नुसतं 'खातं' म्हणतो. चालकाने किती वेळ काम करायचं हे या खात्याचे नियम ठरवतात.

पहिलं घड्याळ ११ तासांचं. सलग १० तास विश्रांती घेतल्यावर चालकाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. हे समजायला सोपं आहे. चाक फिरतं तेवढाच वेळ यात मोजला जातो.

दुसरं घड्याळ १४ तासांचं, आणि सगळी गोम यात आहे. मंगल कार्यालय घेतलेलं आठवा. सकाळी सहा ते रात्री आठ असं कार्यालय तुमचं. वऱ्हाडाची बस बिघडली, भटजींना उशीर झाला, नवरी पार्लरमध्ये अडकली, तरी कार्यालयाचं घड्याळ थांबत नाही. आठ वाजले की मॅनेजर दिवे घालवायला उभा. चालकाचे १४ तास तसे आहेत. त्याने दिवसाचं पहिलं काम हाती घेतलं, म्हणजे टायर तपासले किंवा कागदपत्रं घेतली, की घड्याळ सुरू. मध्ये जेवला, रांगेत बसला, डुलकी काढली, तरी ते चालूच. त्याचे ११ तास या १४ तासांतच बसले पाहिजेत. १४ संपल्यावर तो हिशेब लिहू शकतो, माल उतरवून घेऊ शकतो. रस्त्यावर गाडी मात्र काढू शकत नाही.

तिसरं घड्याळ आठवड्याचं. गेल्या ८ दिवसांत मिळून ७० तास काम झालं की गाडी बंद. (ज्या कंपन्या रोज गाड्या चालवत नाहीत त्यांना ७ दिवसांत ६० तास.) किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत फक्त आठ पानं आहेत आणि रोज सकाळी सगळ्यांत जुनं पान फाडलं जातं, असं समजा. जुनं पान फाटेपर्यंत नवी उधारी नाही. सलग ३४ तास सुट्टी घेतली तर अख्खी वही कोरी होते.

याशिवाय ८ तास चालवून झाले की अर्धा तास स्टिअरिंग सोडायचं. संपलं. बाकी सगळी पोटकलमं आणि सवलती आहेत.

## पण १४ च का? दमलो की थांबतो, असं का नाही?

कारण दमलेल्या माणसाला तो दमलाय हे सगळ्यांत शेवटी कळतं. ज्याने रात्री एसटीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून प्रवास केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतले पहिले नियम १९३० च्या दशकाच्या अखेरीचे. २००३ पर्यंत जे नियम होते त्यांत १० तास चालवा आणि ८ तास विश्रांती घ्या, असा हिशेब होता. दिसायला बरा आहे. पण १० आणि ८ मिळून १८ होतात, दिवस २४ तासांचा असतो. सोमवारी सकाळी सहाला निघालेला चालक दुपारी चारला थांबला, तर रात्री बाराला कायद्याने पुन्हा ताजातवाना. मग मंगळवारी सकाळी दहाला झोपायचं आणि संध्याकाळी सहाला उठायचं. रोज सहा तासांनी अलीकडे सरकणारी पाळी. कारखान्यात फिरत्या पाळीवर काम केलेल्यांना विचारा, तीन दिवसांत माणूस घुबड होतो.

आणखी एक भोक होतं. तेव्हा दिवसाचं घड्याळ १५ तासांचं होतं, पण मध्ये विश्रांती घेतली की ते थांबायचं. त्यामुळे पंधरा तासांचा दिवस ताणून वीस तासांचा करता यायचा. २००४ च्या जानेवारीपासून नवे नियम आले. ११ तास चालवणं, १० तास विश्रांती, आणि न थांबणारे १४ तास. १४ आणि १० म्हणजे बरोबर एक दिवस. घड्याळ न थांबवण्यामागे हा विचार होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा काटा पुढे भलत्याच पायात रुतला.

## 'कॉमिक बुक' ते मीटर

आता 'कोण बघतंय' याचं उत्तर.

पूर्वी चालकाकडे कागदी वही असायची. पानावर चोवीस तासांचे चौकोन आणि चार आडव्या ओळी: सुट्टी, केबिनमागच्या बर्थवर झोप, गाडी चालवणं, आणि इतर काम. पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने त्यावर रेघ ओढायची. वही लिहिणारा आणि वहीत सापडणारा माणूस एकच. परिणाम काय होणार ते आपल्याला वेगळं सांगायला हवं का? काही जण दोन वह्या ठेवत, एक पोलिसांसाठी आणि एक स्वतःच्या हिशेबासाठी. या वहीला चालकांनीच 'कॉमिक बुक' असं नाव पाडलं होतं.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने वहीच्या जागी यंत्र आणायचा कायदा केला, डिसेंबर २०१५ मध्ये खात्याने नियम काढला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून सक्ती झाली. यंत्राचं नाव इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस. आपण त्याला मीटर म्हणू, कारण काम तेच आहे.

हा मीटर इंजिनाला जोडलेला असतो. गाडीने ताशी ५ मैलांचा, म्हणजे ८ किलोमीटरचा वेग गाठला की तो स्वतःच 'चालवणं' ही ओळ सुरू करतो. गाडी ५ मिनिटं उभी राहिली की विचारतो, अजून चालवताय का? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर तो स्वतःच 'इतर काम' अशी नोंद करतो. गाडी चालू असताना दर तासाला ठिकाण टिपतो. पोलिसाने थांबवलं तर नोंदी तिथल्या तिथे त्याच्याकडे पाठवता येतात. चालवण्याची आपोआप झालेली नोंद चालकाला खोडून झोप म्हणून दाखवता येत नाही, आणि इतर दुरुस्ती केली तरी मूळ नोंद खाली तशीच राहते.

म्हणजे त्या सरदारजींनी पंचवीस मिनिटं गाडी काढली असती तर ती पंचवीस मिनिटं पडद्यावर उमटली असती. पुढच्या तपासणीत दंड, कंपनीच्या खात्यावर ठपका, आणि पोलिसाने ठरवलं तर तिथेच दहा तास गाडी बंद.

यंत्राला फसवता येतच नाही असं नाही. गाडीत नसलेल्या दुसऱ्या चालकाच्या नावावर तास टाकणं हा जुना डाव नव्या रूपात चालतो. शिवाय यंत्र नियमात बसतं की नाही हे यंत्र विकणाराच स्वतः प्रमाणित करतो, अशी गमतीशीर व्यवस्था तिथे होती. खात्याने नंतर कित्येक यंत्रं यादीतून काढून टाकली. पण कागदाइतकं खोटं सोपं राहिलं नाही, एवढं नक्की.

## मीटर आहे, पण वेटिंग नाही

मुंबईत रिक्षांना इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा आपल्यालाही असंच वाटलं होतं, की आता फास्ट मीटरची कटकट गेली. पण रिक्षाच्या मीटरमध्ये एक शहाणपण जुन्या काळापासून आहे. सिग्नलला रिक्षा अडकली की मीटर वेटिंग मोजतो. अडकलेल्या वेळेचे पैसे कोणाचे, हे मीटरच सांगतो.

अमेरिकेतल्या ट्रकच्या मीटरमध्ये हे नाही. तिथल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक चालकांना मैलावर पैसे मिळतात. चाक फिरलं तर मजुरी, उभं राहिलं तर शून्य. आणि चालकांना जादा तासांचा दीडपट पगार द्यायचं बंधन नाही. १९३८ च्या कामगार कायद्यातच त्यांना त्यातून वगळलेलं आहे.

आता एक दिवस मांडून बघू. आपला चालक पहाटे साडेपाचला गाडी तपासायला लागला. १४ तासांचं कार्यालय सुरू, संध्याकाळी साडेसातला बंद. सहा वाजता तो गोदामाच्या दारात. त्याला वेळ सहाचीच दिलेली. दोन तासांत माल भरला तर आठला निघेल, ११ तास चालवेल, मध्ये अर्धा तास थांबेल, आणि बरोबर साडेसातला त्याचा दिवस संपेल. एक मिनिट वाया नाही.

पण गोदामात फोर्कलिफ्ट एकच आहे आणि आधी चार गाड्या उभ्या आहेत. माल भरून व्हायला साडेअकरा वाजले. कार्यालय तरीही साडेसातलाच बंद होणार. आता चालवायला उरले ८ तास. तीन तास गेले. ताशी ८८ किलोमीटरच्या सरासरीने साधारण २६५ किलोमीटरची मजुरी गेली. उशीर केला गोदामाने, भोगला चालकाने. गोदामवाल्याला याची झळ किती? तिथल्या धंद्याचा रिवाज असा, की पहिले दोन तास थांबणं फुकट, त्यानंतर थोडेफार पैसे, तेही ठरलेले असले आणि मिळाले तर. आपल्याकडे याला हॉल्टिंग म्हणतात आणि त्यावरून जेवढ्या शिव्या मी फोनवर ऐकल्यात तेवढ्या दुसऱ्या कशावरून ऐकल्या नाहीत.

कागदी वहीच्या काळात चालक हे तीन तास रेघ वाकडी ओढून भरून काढायचा. ते खोटं होतं, आणि धोक्याचं होतं. पण त्या खोट्यावर अख्ख्या साखळीची ढिलाई झाकलेली होती. मीटरने खोटं काढून टाकलं. ढिलाई तशीच ठेवली.

यातली मला सगळ्यांत खटकलेली गोष्ट सांगतो. अचानक बर्फ पडला किंवा पुढे अपघात होऊन रस्ता बंद झाला, तर नियमाने चालकाला दोन तास जास्त मिळतात. बर्फाने उशीर केला तर दोन तास, गोदामाने केला तर काही नाही.

जाणकार म्हणतील, तोड आहे ना. आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून विश्रांतीचे दोन तुकडे करता येतात: एक किमान ७ तासांचा, बर्थमध्ये, आणि दुसरा किमान २ तासांचा, मिळून १० तास. असे तुकडे केले तर त्यांचा वेळ १४ तासांतून वगळला जातो. पण गोदामाच्या रांगेत दर वीस मिनिटांनी गाडी दहा फूट पुढे घ्यावी लागते. सलग दोन तासांची विश्रांती तिथे होणार कशी? २०२५ मध्ये खात्याने आणखी एक प्रयोग जाहीर केला. काही निवडक चालकांना १४ तासांचं घड्याळ अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत थांबवू द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. थोडक्यात, न थांबणाऱ्या घड्याळाचा काटा कुठे रुततोय ते वीस वर्षांनी खात्यालाही दिसायला लागलंय.

## मग अपघात तरी कमी झाले का?

सक्ती आणताना खात्याचा अंदाज होता, की यंत्रामुळे दरवर्षी २६ जीव वाचतील आणि ५६२ जण जखमी होण्यापासून वाचतील. त्याच जाहीर अंदाजात वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त फायदाही धरला होता. तो मुख्यतः कागदपत्रं वाचल्याचा होता, हे विशेष.

सक्तीनंतर तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या तपासण्यांची आकडेवारी पाहिली. तासांचे नियम मोडणं खरोखरच कमी झालं होतं, सगळ्यांत जास्त छोट्या गाडीमालकांमध्ये. पण अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. आणि त्याच छोट्या मालकांच्या गाड्या वेगमर्यादा मोडताना जास्त सापडायला लागल्या.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असल्या की सरळ बॅटने खेळणारा फलंदाजही आडवी बॅट फिरवतो. पडद्यावर उलटे आकडे पळताहेत, पुढच्या थांब्याला पन्नास मिनिटं लागणार आणि हातात पंचेचाळीस आहेत. पाय ॲक्सिलरेटरवर जड होणारच. वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात तर थेट जोड दाखवली आहे: माल चढवण्या-उतरवण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, की अपघाताचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो. १५ मिनिटांनी! चालकाच्या झोपेवर एवढी यंत्रं बसवली, आणि धोक्याचं एक मूळ गोदामाच्या दारात निघालं.

याचा अर्थ तासांची मर्यादाच नको, असा मी काढत नाही. ती नसलेल्या देशात मी सात वर्षं बिल्ट्या फाडल्यात.

## थांबायचं तर थांबायचं कुठे?

साडेसातला कार्यालय बंद झालं. ठीक. पण पंचाहत्तर फुटी गाडी लावायची कुठे? अमेरिकेत कुठेही कडेला लावून चालत नाही, आणि आपल्यासारखे दर दोन किलोमीटरवर अंगण मोकळं ठेवणारे ढाबे तिथे नाहीत. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशभर ट्रकसाठी सुमारे ३ लाख १३ हजार जागा मोजल्या गेल्या, आणि पाहणीतल्या ९८ टक्के चालकांनी जागा शोधताना त्रास होतो असं सांगितलं. संध्याकाळी सहानंतर थांबे भरतात. म्हणून बरेच चालक अंगावर तासभर शिल्लक असतानाच जागा दिसली की गाडी लावून मोकळे होतात. मजुरीतून आणखी एक तुकडा वजा.

२००९ मध्ये साउथ कॅरोलायनात एक चालक माल उतरवायच्या ठिकाणाजवळ वेळेआधी पोचला. थांबायला सुरक्षित जागा नव्हती म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला. तिथे त्याचा खून झाला. त्याच्याकडून चोरलेली रक्कम होती ७ डॉलर. त्याच्या नावाने 'जेसन्स लॉ' झाला, ट्रकच्या सुरक्षित पार्किंगसाठी. हा कायदा आणि मीटरच्या सक्तीचा कायदा, दोन्ही २०१२ च्या एकाच विधेयकातले. एका कलमाने सांगितलं वेळेवर थांबा, दुसऱ्याने सांगितलं थांबायला जागा करू. पहिल्याची तारीख ठरली आणि पाळली गेली. दुसऱ्याच्या पाहण्या झाल्या.

## "हे म्हणजे माणसावर पाळत ठेवणं झालं"

हा आक्षेप तिथल्या छोट्या गाडीमालकांच्या संघटनेने थेट कोर्टात नेला. खात्याचा आधीचा, २०१० चा नियम कोर्टाने २०११ मध्ये रद्दही केला. यंत्राचा वापर करून कंपन्या चालकाला छळतील, दमलेल्याला फोन करून 'तुझे अजून दोन तास आहेत, ऊठ' म्हणतील, याचा पुरेसा विचार केलेला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. नंतरच्या नियमात म्हणून छळाविरुद्ध कलमं आली. ठिकाणाची नोंद मैलभराच्या अंदाजाने ठेवायची, नेमका दरवाजा दाखवायचा नाही. चालक खासगी कामाला गाडी वापरत असेल तर दहा मैलांच्या अंदाजाने. तो बर्थमध्ये झोपला असेल तेव्हा यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे, हेसुद्धा नियमात लिहिलंय. हा नियम २०१६ मध्ये कोर्टात टिकला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

आवाज बंद करायच्या बटणावर कायदा करावा लागतो, यावरून आधी काय चालत असेल ते समजा.

१९९९ पर्यंतच्या इंजिनांना यंत्राची सक्ती नाही, जवळपासच्या खेपा करून त्याच दिवशी परतणाऱ्यांना नाही, जनावरं नेणाऱ्यांना वेगळी सवलत आहे. भर उन्हात गाईंनी भरलेला ट्रक दहा तास उभा करा, असं कोणताही कायदा सांगू शकत नाही. या यादीत जास्त शिरत नाही.

युरोपचा मात्र उल्लेख करायला हवा. तिथे टॅकोग्राफ नावाचं असंच यंत्र कित्येक दशकं आहे. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. पण युरोपच्या नियमात एक वाक्य असं आहे जे अमेरिकेत नाही: रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा पद्धतीने, अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर मजुरी द्यायला मनाई. घड्याळ लावताना त्यांनी पैशाच्या पाकिटातही हात घातला.

## आणि आपल्याकडे?

आपल्याकडे मर्यादा नाही असं मी वर लिहिलं, ते व्यवहारात. कागदावर ती निदान १९६१ पासून आहे. मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, लांबच्या पल्ल्याला परवानगीने दिवसाचे १० पर्यंत, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एका-दोन गाड्यांचा मालक, म्हणजे आमच्या ऑफिसात खुर्चीवर पाय घेऊन चहा पिणारा जवळजवळ प्रत्येक जण, त्यात बसतच नव्हता. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत विरघळला आहे. ८ तासांचा आकडा तिथेही आहे.

२०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवायला हवेत, असं म्हटलं होतं. तास अजून मीटरवर आलेले नाहीत, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. हे चांगलं झालं. मे महिन्यात इंजिनावर बसून विदर्भ ओलांडलेल्या माणसाला विचारा.

पण समजा उद्या मीटर आला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ट्रकला ताशी ८० ची मर्यादा. न थांबता, एकदाही ब्रेक न लावता गेलं तरी पावणेनऊ तास. म्हणजे ८ तासांच्या हिशेबाने एका चालकाला नागपूरहून निघून भिवंडीजवळचं आमणे गाठता येणार नाही. मध्ये कुठेतरी त्याने गाडी लावून झोपायचं आहे. कुठे? दुसरा चालक ठेवायचा तर त्याचा पगार भाड्यात धरायचा आहे. कोण धरणार?

गंमत अशी, की आपल्याकडे मालाच्या कागदाला तास आहेत. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदत संपली आणि गाडी पकडली गेली तर दंड. माल किती वेळ रस्त्यावर आहे हे सरकारला माहीत असतं. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली हेही माहीत असतं. स्टिअरिंगवरचा माणूस कधी झोपला होता, एवढंच कुठे लिहिलेलं नसतं.

आणि रांग? भिवंडीच्या एका गोदामाबाहेर आमची गाडी एकदा एकतीस तास उभी होती. डायव्हर चेसिसखाली ताडपत्रीची झोळी बांधून झोपायचा आणि रांग हलली की किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, त्याला पाय ओढून उठवायचा. खाली करून तो परत लगेच हैदराबादला निघाला, कारण पुढची खेप ठरली होती. हॉल्टिंग मागायला मी फोन केला तर गोदामवाला म्हणाला, आमच्या रजिस्टरात तर गाडी चार तासच दिसतेय. मी चिडून स्वतः बघायला गेलो. रजिस्टर खरं होतं. वॉचमन गाडी फाटकाच्या आत आली की वेळ लिहायचा. फाटकाबाहेर गेलेल्या सत्तावीस तासांसाठी त्या वहीत रकानाच नव्हता. ते तास फक्त आमच्या बिल्टीच्या मागच्या बाजूला होते, डायव्हरच्या अक्षरात: 'मंगळ. रात्री ९. नंबर १४ वा.'

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तोवर त्याने पुढचा व्हिडिओ लावला होता. सरदारजी सकाळी उठून, दात घासून, त्या पंचवीस मिनिटांच्या वाटेला लागले होते.